शेवटचं अक्षर कुणाच्या पदरात: शिरितोरी कराओकेचं एक प्रकरण

गाण्याच्या भेंड्या खेळलेल्या माणसाला शिरितोरी कराओके लगेच कळतो. आधीच्या गाण्याच्या नावातलं शेवटचं अक्षर घ्यायचं, त्या अक्षराने नाव सुरू होणारं गाणं यंत्रावर लावायचं आणि म्हणायचं. फरक दोनच. साखळी गायलेल्या ओळीवरून जुळत नाही, शीर्षकावरून जुळते. आणि दोन ओळी म्हणून सुटका नाही. संगीत सुरू झालं की निदान पहिलं कडवं आणि ध्रुवपद तरी पार पाडावं लागतं. नुसतं नाव आठवून भागत नाही, गाणं गळ्यात बसलेलं हवं.

शिरितोरी हा मूळचा जपानी शब्दखेळ, शब्दांच्या भेंड्यांसारखा. त्यात समोरच्याला अडवणारा जिंकतो. कराओकेच्या खोलीत मात्र भाडं दर अर्ध्या तासाने चढतं. कुणी अडला की सगळ्यांचे पैसे शांततेत जातात. म्हणून इथे गाणं निवडण्याची कसोटी वेगळी आहे. पहिलं अक्षर तुमच्या हातात नसतं, ते मिळालेलं असतं. शेवटचं अक्षर तुमच्या हातात असतं, आणि ते पुढच्या माणसाच्या पदरात पडतं. हे ज्याला उमगलं त्याची निवड चांगली होते. खाली एक नमुन्याचा प्रसंग घेऊन साखळी गाण्यागणिक तपासली आहे.

प्रसंग

तोक्योतली एक खोली, शुक्रवारची संध्याकाळ, २ तास, ६ जण. सगळे एकाच कचेरीतले. बसण्याचा क्रम तोच गाण्याचा क्रम: पहिल्या चाळिशीतल्या बाई, दुसरा पुण्यात जपानी शिकून तिथे नोकरीला गेलेला मराठी अभियंता, तिसरी नुकतीच रुजू झालेली विशीतली मुलगी, चौथा आणि पाचवी तिशीतले, सहावे पन्नाशीतले विभागप्रमुख. अभियंत्याची जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-३ ही मधली पातळी झाली आहे. काना (जपानी उच्चारलिपीतली अक्षरं) झरझर वाचतो, कांजीला (चिनीतून आलेल्या चित्राक्षरांना) अडखळतो. पडद्यावर कांजीच्या डोक्यावर काना छापलेला असतो, त्यामुळे वाचनाची अडचण फारशी नाही. अडचण गाण्यांच्या साठ्याची आहे: त्याला पूर्ण येणारी जपानी गाणी जेमतेम पंधरा, त्यातली बरीच अॅनिमेची.

आधी ठरवायचे नियम

हे नियम पेयं येईपर्यंतच्या पाच मिनिटांत ठरवावेत. खेळाच्या मधे ठरवायला गेलं की वाद होतो, कारण तेव्हा प्रत्येक नियमात कुणाचा तरी फायदा असतो.

न्यायाधीश यंत्र. जपानात दोन यंत्रणा सगळीकडे दिसतात, दाम आणि जॉयसाउंड. दोन्हींच्या हातातल्या पाटीवर (दामची देन्मोकु, जॉयसाउंडची क्योकुनाबी) शीर्षकावरून शोध घेता येतो आणि तो काना लिपीतल्या उच्चाराने चालतो. ज्या काना-अक्षराखाली यंत्र गाणं दाखवतं ते त्याचं पहिलं अक्षर. याची गरज फार पडते. यामागुची मोमोए यांचं १९७७चं गाणं ज्या दोन कांजींत लिहितात त्यांचा सरळ उच्चार ‘आकिझाकुरा’ होईल, पण शीर्षक वाचायचं ‘कोसुमोसु’. लिसा या गायिकेचं २०२०चं ‘होमुरा’ ज्या कांजीत लिहितात ती एरवी ‘होनोओ’ वाचली जाते. रेमिओरोमेन या बँडचं ‘३ महिना ९ तारीख’ (म्हणजे ९ मार्च) असं आकड्यांत लिहिलेलं गाणं ‘सान्गात्सु कोकोनोका’ आहे, म्हणजे ‘सा’ ते ‘का’. सियाम शेड यांच्या १९९७च्या गाण्याची सुरुवात १/३ या अपूर्णांकाने होते. जपानीत छेद आधी वाचतात, ‘सान्बुन नो इचि’, म्हणून तेही ‘सा’चंच.

लांबवलेल्या स्वराची आडवी रेघ शेवटी आली तर ती सोडायची. ‘एरी’चं अक्षर ‘रि’. मात्र जिथे लांब स्वर ‘उ’ लिहून दाखवलेला असतो तिथे ‘उ’च धरायचा. मराठी कानाला ‘आरुको’ ऐकू येतं, लिखाणात ‘आरुकोउ’ असतं. ऐकून खेळणारा इथे हमखास चुकतो.

चिन्हं, पूर्णविराम, बाण, कंसातलं किंवा नागमोडी रेघेनंतरचं उपशीर्षक मोजायचं नाही. त, द एकमेकांना चालतात; तसंच क, ग आणि ह, ब, प. शेवटी विभक्तीचा ‘ओ’ आला (सुपरफ्लायचं २००८चं ‘आइ ओ कोमेते हानाताबा ओ’) तर तो साधा ‘ओ’ समजायचा, कारण त्या खास काना-अक्षराने गाणी सुरू होतच नाहीत.

आणि ‘न्’. जपानी शब्द ‘न्’ने सुरू होत नाही, म्हणून शब्दखेळात ‘न्’वर संपवणारा हरतो. भेंड्यांत ‘ळ’ किंवा ‘ण’ आला की आपण ‘ल’, ‘न’वर भागवतो तसा मागच्या काना-अक्षरावर जाण्याचा मार्ग इथेही आहे, पण आम्ही तो सुचवणार नाही. त्याने खेळाचा ताण जातो. त्याऐवजी: खेळ चालू असताना ‘न्’वर संपणारं गाणं घ्यायचं नाही, मात्र शेवटचं गाणं मुद्दाम ‘न्’चं घेऊन साखळी बंद करायची. प्रत्येकाला एक माफी, म्हणजे एकदा आपली पाळी पुढच्याला देता येते.

वेळेचा हिशेब

१२० मिनिटांतली पहिली पाच नियमांना आणि पेयांना. बहुतेक ठिकाणी वेळ संपायच्या १० मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. गाण्याला १०५ मिनिटं धरावीत. पूर्ण गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं, म्हणजे २३ गाणी. फक्त पहिलं कडवं आणि ध्रुवपद घेऊन वादन थांबवण्याचं बटण दाबलं तर दीड-दोन मिनिटांत काम होतं आणि चाळीसच्या वर गाणी बसतात.

चाळीस ऐकायला बरं वाटतं, पण ही निवड नवख्याला मारक आहे. शीर्षक यंत्रावर लागताक्षणी पुढच्याला आपलं अक्षर कळतं. पूर्ण गाण्यात त्याला शोधायला साडेचार मिनिटं मिळतात, अर्ध्या गाण्यात दीड. शिवाय सहा जणांना चाळीस गाणी म्हणजे प्रत्येकाला सात, आणि आपल्या अभियंत्याच्या पंधरांपैकी मिळालेल्या अक्षराला बसणारी सात निघणं कठीण. अशा मंडळीत पूर्ण गाणीच ठेवावीत. पुढचं एकच गाणं नोंदवून ठेवायची मुभा असावी; दोन-तीन पुढची नोंदवली की सगळे पाटीत डोकं घालून बसतात आणि गाणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

साखळी

शब्दखेळाची प्रथा ‘शिरितोरी’ या शब्दानेच सुरुवात करण्याची, म्हणून पहिलं अक्षर ‘रि’. पहिल्या बाई ब्लू हार्ट्सचं १९८७चं ‘रिंदा रिंदा’ लावतात. सगळ्यांना येतं, ओरडून म्हणता येतं, आणि शेवट ‘दा’.

अभियंता ‘दांगो सान्क्योउदाइ’ घेतो, १९९९चं टँगोच्या चालीतलं मुलांचं गाणं. शब्द सोपे, चाल संथ, खोलीतल्या प्रत्येक वयाला माहीत. शेवट ‘इ’. परक्या भाषेत गाणाऱ्याने पहिल्या पाळीत असंच गाणं घ्यावं: त्याच्या उच्चारांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण सगळेच बरोबर म्हणू लागतात.

तिसरी मुलगी ‘इ’वर ‘इनोचि नि किरावारेते इरु’ लावते, २०१७चं व्होकालॉइड (संगणकाने बनवलेल्या आवाजातलं) गाणं. म्हणते सुंदर. शेवट ‘रु’.

इथे पहिली खीळ. चौथ्याच्या डोक्यात ‘रु’चं पहिलं येतं ते ‘रूजु नो देन्गोन’, जे शेवटी ‘न्’ असल्यामुळे बाद. पूर्ण साडेचार मिनिटं गेल्यावर त्याला तेराओ आकिरा यांचं १९८१चं ‘रुबी नो युबिवा’ सापडतं, त्याच्या जन्माआधीचं. शेवट ‘वा’. पाचवी मोरिताका चिसातो यांचं १९९२चं ‘वाताशि गा ओबासान नि नात्तेमो’ घेते, शेवट ‘मो’. विभागप्रमुखांना ‘मो’ची दोन गाणी येतात: निशिदा तोशियुकी यांचं १९८१चं ‘मोशिमो पिआनो गा हिकेता नारा’, जे ‘रा’वर संपतं, आणि माकिहारा नोरियुकी यांचं १९९२चं ‘मोउ कोइ नान्ते शिनाइ’, जे ‘इ’वर. गळ्याला पहिलं बसतं, पण ते दुसरं लावतात. ‘रा’पेक्षा ‘इ’ची गाणी कितीतरी जास्त, म्हणून ही निवड उत्तम आहे.

सातवं गाणं या प्रकरणातलं सगळ्यांत शहाणं. ‘इ’वर पहिल्या बाईंकडे सदर्न ऑल स्टार्सचं १९७९चं ‘इतोशि नो एरी’ तयार आहे. त्याचा शेवट ‘रि’. पुढे अभियंता आहे. बाई ते राखून ठेवतात आणि नाकाजिमा मियुकी यांचं ‘इतो’ म्हणतात. शेवट ‘तो’, आणि ‘तो’वर अॅनिमे बघणाऱ्या परदेशी माणसाला काय येणार हे जपानी माणसाला सांगावं लागत नाही. आठवं ‘तोनारि नो तोतोरो’.

शेवट ‘रो’. विशीतल्या मुलीला स्पिट्झचं ‘रोबिन्सोन’ (१९९५) आवडतं, पण ते ‘न्’चं. ती मिकितो-पी यांचं २०१८चं ‘रोकि’ लावते. ते दोन आवाजांचं आहे, म्हणून चौथ्याला दुसरा माइक देते. ‘रु’च्या फेरीत त्याच्यावर आलेला ताण त्याने उतरतो. ‘कि’वर चौथा ‘किसेकि’ घेतो, ग्रीन या गटाचं २००८चं. ‘कि’ने सुरू, ‘कि’वर शेवट. अशा गाण्याने अक्षर जसंच्या तसं पुढे जातं, म्हणून त्या अक्षराचा साठा मोठा असेल तरच ते घ्यावं. ‘कि’चा आहे. पाचवी २००६चं ‘किबुन जोउजोउ’ लावते. शीर्षकाच्या टोकाला दोन वर जाणारे बाण आहेत, ते मोजायचे नाहीत, शेवट ‘उ’. विभागप्रमुख ‘उए ओ मुइते आरुकोउ’ म्हणतात, साकामोतो क्यू यांचं १९६१चं, जे १९६३ साली अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. तेही ‘उ’ ते ‘उ’. पहिल्या बाई सैतो काझुयोशी यांचं १९९७चं ‘उता उताइ नो बाराद्दो’ घेतात, शेवट ‘दो’.

अभियंत्याची तिसरी पाळी. ‘दो’ म्हटल्यावर त्याला दोराएमोन सुचणं साहजिकच, आणि होशिनो गेन यांचं २०१८चं त्याच नावाचं गाणं पाटीवर सगळ्यांत वर दिसतं. नाव ‘दोराएमोन’, शेवट ‘न्’, खेळ खलास. त्याच्याच खाली १९७९च्या मालिकेचं शीर्षकगीत आहे: ‘दोराएमोन नो उता’. शेवट ‘ता’. शेवटच्या ‘नो उता’मुळे साखळी वाचते. जपानी गाण्यांच्या नावांत शेवटी ‘उता’ भरपूर येतो, म्हणून ‘न्’च्या भीतीने एखादं गाणं सोडण्याआधी त्याच विषयावरचं ‘उता’वालं शीर्षक आहे का ते पाहावं.

‘ता’वर मुलीसमोर दोन पर्याय. बॅक नंबरचं ‘ताकाने नो हानाकोसान’ ‘न्’मुळे बाद, म्हणून योरुशिकाचं २०१८चं ‘तादा किमि नि हारे’. शेवट ‘रे’. पुन्हा र-ओळ (रा, रि, रु, रे, रो), पुन्हा चौथ्याकडे! त्याचं आवडतं ‘रेमोन’ ‘न्’चं. या वेळी मात्र तो सावध आहे: मोर्निंग मुसुमेचं २००० सालचं ‘रेन्आइ रेबोर्युशोन २१’. आकडा ‘निजुउइचि’ वाचायचा, शेवट ‘चि’. पाचवी ‘चिइसाना कोइ नो उता’ (मोंगोल ८००, २००१), शेवट पुन्हा ‘ता’. विभागप्रमुख त-द सवलत वापरून ‘दाइतोकाइ’ लावतात, क्रिस्टल किंगचं १९७९चं. हे गाणं अतिशय उंच पट्टीचं आहे. पाटीवरून पट्टी तीन-चार अर्धस्वर खाली घेतली तरी सुरुवातीची तान पन्नाशीच्या गळ्याला जड जाते, म्हणून ध्रुवपदाला दोघे बरोबर असावेत. शेवट ‘इ’.

आता पहिल्या बाई राखून ठेवलेलं ‘इतोशि नो एरी’ काढतात. ‘रि’ अभियंत्याकडे जातो. त्याच्याकडे ‘रि’चं नेमकं एक गाणं आहे, एशियन कुंग-फू जनरेशनचं २००४चं ‘रिराइतो’. वेगवान आहे, पण त्या वेळेपर्यंत त्याची भीड चेपलेली असते. पहिल्याच पाळीत हे गाणं घ्यावं लागलं असतं तर जमलं नसतं.

शेवट ‘तो’. नव्वद मिनिटांवर वीस गाणी. फोन वाजेपर्यंत आणखी तीन बसतील, पण मुलगी इथेच साखळी बंद करायचं सुचवते: ‘तो’च्या जागी ‘दो’ चालतो, म्हणून ‘दोराएमोन’, तेच मघाशी टाळलेलं, शेवटी ‘न्’. सगळे मिळून म्हणतात आणि उरलेल्या वेळात ‘न्’मुळे राहिलेली ‘रोबिन्सोन’ आणि ‘रेमोन’ होतात.

कुठे अडलं आणि का

वीस गाण्यांतून पुढे गेलेली अक्षरं मोजली तर ‘इ’ तीनदा, ‘तो’, ‘कि’, ‘उ’ आणि ‘ता’ प्रत्येकी दोनदा आलं. र-ओळ एकूण चारदा: रु, रो, रे, रि. खेळ अडायची वेळ आली ती र-ओळीवरच.

याचं कारण भाषेत आहे. अस्सल जुन्या जपानी शब्दांची सुरुवात ‘र’ने होत नाही. ‘र’ने सुरू होणारे शब्द चिनी भाषेतून किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले, त्यामुळे शीर्षकंही मोजकी: रुबी, रोमान्सु, रेन्आइ अशी. उलट शब्दाच्या शेवटी ‘र’ मुबलक, कारण कित्येक क्रियापदांचं कोशातलं रूप ‘रु’वर संपतं. म्हणजे ‘रु’ देणं सोपं, घेणं अवघड. शब्दखेळातले तरबेज खेळाडू समोरच्यावर मुद्दाम ‘रु’चा मारा करतात तो याच कारणाने. आजकालची गाणी वाक्यासारखी लांब शीर्षकं घेतात आणि ती क्रियापदावर संपतात, म्हणून तरुण खेळाडूकडून नकळत ‘रु’ जास्त येतो. योआसोबीचं ‘योरु नि काकेरु’ आणि ‘आइदोरु’ दोन्ही ‘रु’चीच. विशीतल्या माणसाच्या पुढे जुनी गाणी येणाऱ्याला बसवावं; इथे विभागप्रमुख चौथ्या जागी असते तर ‘रुबी नो युबिवा’ अर्ध्या मिनिटात निघालं असतं.

‘इ’ आणि ‘उ’ वारंवार येतात याचंही कारण सरळ आहे. विशेषणं आणि नकारार्थी क्रियापदं ‘इ’वर संपतात, चिनी मूळच्या शब्दांचे लांब स्वर आणि ‘चला, करू या’ अर्थाची क्रियापदं ‘उ’वर. या दोन अक्षरांचा साठा मोठा लागतो, आणि सुदैवाने असतोही.

यादी कशी करावी

अभियंत्यासारख्या माणसाने पंधराची पंचवीस गाणी करण्यापेक्षा पंधरांची मांडणी बदलावी. कागदावर तीन रकाने: पहिला काना, नाव, शेवटचा काना. ‘इ’ची तीन, ‘उ’, ‘तो’, ‘कि’, ‘ता’ची दोन-दोन, ‘रु’ आणि ‘रि’चं एकेक, ‘वा’ आणि ‘दो’चं एकेक. झाली पंधरा. त्यात ‘न्’वर संपणारी नसावीत, आणि ‘रु’वर संपणारं फार तर एक. ‘रु’ची तयारी करायची तर ‘रुबी नो युबिवा’ घ्यावं: मध्यम पट्टी, जवळजवळ बोलल्यासारखी चाल, शब्द सावकाश येतात. मराठी गळ्याला ‘त्सु’ आणि आघाताशिवायचे लांब स्वर तेवढे घोटावे लागतात.

खोलीत अडल्यास पाटीवर नुसता एक काना टाकू नये. हजारो नावं येतात आणि बोट सरकवण्यातच वेळ जातो. त्या अक्षराबरोबर माहीत असलेल्या गायकाचं नाव घालावं. त्यानेही न निघाल्यास आधी गायलेल्या गाण्यांची नोंद उघडावी. तिथे त्या खोलीत आधी येऊन गेलेल्या लोकांची गाणीही दिसतात, आणि ती बहुतेक सगळ्यांना येणारी असतात. हीच नोंद एखादं गाणं दुसऱ्यांदा लागत नाही ना, हे तपासायलाही उपयोगी. माफी वापरायची असेल तर शेजाऱ्याचं गाणं संपायच्या आत, दुसऱ्या कडव्यापर्यंत सांगावी, म्हणजे पुढच्याच्या हातात निदान दोन मिनिटं उरतात.